विलासची मान आणि ठाण्याच्या फेऱ्या

माझा नवरा भाजीच्या गाडीवर बसला, त्या सकाळी मी ठरवलं की आता याला कोणाकडे तरी न्यायचंच.

बसला म्हणजे हौसेने नव्हे. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक मारली, "अरे, लिंबंपण घे!" आणि खाली उभ्या असलेल्या विलासने वर बघायचा प्रयत्न केला. मान वर होईना, म्हणून तो कमरेतून मागे वाकला, आणखी वाकला, आणि हातगाडीवरच्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये अलगद जाऊन बसला. भाजीवाल्याने बोंब ठोकली. समोरच्या बिल्डिंगीतली माणसं बाहेर आली. चिरडलेल्या सगळ्या जुड्या आम्हाला घ्याव्या लागल्या आणि पुढचा आठवडाभर घरात मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं वरण असा सप्ताह चालला.

एरवी मी या ब्लॉगवर किल्ले, घाट आणि खाणावळींबद्दल लिहिते. पण मागच्या लेखाखाली एका मुलीने विचारलंय, "ताई, पोक घालवायला हाताने उपचार करतात म्हणे. तुम्ही कधी गेलायत का? जावं का?" गेलेय बाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोंबिवलीहून कल्याण आणि कल्याणहून ठाणे अशा एवढ्या फेऱ्या मारल्यात की त्यात एक काश्मीर झालं असतं. सगळं सांगते. जायचं की नाही ते तू ठरव.

आधी विलासबद्दल. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे घरात अरे-तुरे. सासूबाईंना ते कधीच आवडलं नाही. मी डोंबिवलीतच शाळेत शिकवत होते आणि विलास वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची, आधी पेन्सिलीने, मग शाईने. लग्नाच्या आधीपासून तेच काम. त्याची रेघ कारखान्यात नावाजलेली होती. दुसऱ्या खात्यातली माणसं कागद उचलून म्हणायची, "ही विलासची." पण रेघ मारताना त्याचं नाक कागदापासून वीतभर. वर्षं गेली तशी मान पुढे निघाली, खांदे कानांकडे चढले, पाठीला बाक आला. रस्त्यात मागून पाहिलं तर शर्टाची कॉलर दिसायची आणि डोकं पुढच्या स्टॉपला पोचलंय असं वाटायचं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि रेघ हलायला लागली. साहेबांकडून ड्रॉइंग परत येत होती. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही टीव्हीकडे बघत, बातमी दुसऱ्या कोणाची असावी तसं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की हाडाला धोका नाही, बसण्याची पद्धत बदला, व्यायाम करा, काही दिवस गळपट्टा लावा. गळपट्टा खुंटीला लागला. व्यायामाचा कागद फ्रिजवर लागला. विलास परत ड्रॉइंगबोर्डाला लागला.

आणि मग सल्ले. डोंबिवलीत पाठ दुखते म्हणून नुसतं म्हणा, जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस खिशातून आपला वैद्य काढतो. कोणाचा आसनांवाला, कोणाचा तेलवाला. त्यात विलासचा चुलतभाऊ वसंतदादा कल्याणला राहायचा. तो रविवारी येऊन आमच्याच घरची कांदाभजी खात म्हणाला, "कशाला डॉक्टर-बिक्टर? आमच्याकडे वस्ताद आहेत. एक झटका, की मोकळा!"

"झटका म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, शीर जागेवर बसते."

"ती उठली कुठून होती?"

यावर वसंतदादाने आणखी भजी मागितली. आणि ज्या विलासला मी महिनाभर मान हलवायचा साधा व्यायाम कर म्हणून विनवत होते, तो झटक्याला मात्र एका पायावर तयार झाला. पुरुषांना रोज थोडं करायला सांगा, जमत नाही. एकदाच जिवावर बेतणारं काही असेल तर लगेच चप्पल घालतात.

रिक्षाने पत्रीपुलावरून कल्याणला गेलो. पत्रीपूल तेव्हाही तुंबलेलाच असायचा, त्यामुळे आता तिथे अडकणाऱ्यांनी आपल्याच नशिबाला दोष देऊ नये. जुन्या कल्याणात, पारनाक्याच्या मागच्या गल्लीत, वस्तादांची खोली होती. तिळाच्या तेलाचा वास, भिंतीवर लंगोट लावलेल्या पैलवानांचे फोटो आणि बाकावर आमच्यासारखीच वाकडी झालेली माणसं. वस्ताद सत्तरीचे, मानेपेक्षा दंड जाड. त्यांनी एक्स-रे बघितलासुद्धा नाही. विलासला खाली बसवलं, स्वतः मागे स्टुलावर बसले, त्याचं डोकं दोन्ही हातांत नारळासारखं धरलं.

"नाव काय म्हणालात?"

"विलास सद..."

कडाक.

आडनाव पुरं व्हायच्या आत झालं. मी किंचाळले. बाकावरची माणसं माझ्याकडेच रागाने बघायला लागली.

विलास उठला. डोळे मोठे झालेले. "अगं, मोकळं वाटतंय!" स्टेशनपर्यंत तो नवरदेवासारखा चालला. वसंतदादाने वाटेत सगळ्यांना सांगितलं. घरी येताना विलास रिक्षात मला तीनदा म्हणाला की तुझा कशावर विश्वासच नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठता येईना. मान एका बाजूला लागून राहिली, हात वर जाईना, शिंक आली तरी डोळ्यांत पाणी. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "मानेशी असले खेळ करतात का? नशीब समजा, थोडक्यात निभावलं." विलास पंधरा दिवस घरी. खुंटीवरचा गळपट्टा खाली आला. आणि वसंतदादा भेटायला येऊन काय म्हणाला असेल? "दुसरा झटका राहिला ना, म्हणून असं झालं."

तर प्रश्न विचारणाऱ्या मुली, पहिली गोष्ट ही लक्षात ठेव. आधी डॉक्टर. आणि मान कडाकडा वाजवून देतो म्हणणारा भेटला की नमस्कार करून बाहेर पड.

ठाण्याचं नाव माझ्या शाळेतल्या सुनंदाने काढलं. नौपाड्यात सरोजबाई म्हणून आहेत. मूळच्या फिजिओथेरपिस्ट, काही वर्षं परदेशात होत्या, तिथून शरीराची ठेवण सुधारायचं एक शास्त्र शिकून आल्यात. झटके नाहीत, तेल नाही. नुसत्या हातांनी हळूहळू दाबतात, कोपराने, मुठीने, आणि आखडलेलं मोकळं करतात. माझा विश्वास बसला नाही, पण पीसीओवरून फोन लावला, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "डॉक्टरांना दाखवलंय का? एक्स-रे घेऊन या." दुसरा प्रश्न, "कोणी मान मोडलीये का मध्ये?"

मी म्हटलं, "हो."

फोनवर मोठा निःश्वास ऐकू आला. मला एकदम ती बाई आवडली.

रविवारची सकाळची वेळ मिळाली. आमची लेक मुग्धा शेजारच्या पेडणेकर काकूंकडे ठेवली. लोकलने गेलो असतो तर अर्ध्या तासाचं काम. पण रोज लोकलनेच कामावर जाणाऱ्या विलासने जाहीर केलं की धक्काबुक्कीत मान पुन्हा जाईल, आपण एसटीने जाऊ. म्हणजे आधी डोंबिवलीहून उलट्या दिशेने कल्याणला जायचं आणि तिथून ठाण्याची गाडी पकडायची. सरळ रेघा मारून पोट भरणारा माणूस हे बोलत होता.

त्या काळी त्या रस्त्याने गेला नसाल तर सांगते. दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत ठीक. खाडी दिसते, वारा लागतो, वाटतं, बरं झालं आलो. कोनगाव सोडलं की खड्डे सुरू. भिवंडीच्या बाजूला कापडाच्या गाठींनी लादलेले ट्रक असे हलत-डुलत समोरून येणार की आपली गाडी रस्ता सोडून खाली उतरणार. प्रत्येक खड्ड्याला विलास दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरायचा. म्हणजे जाताना मान बिघडवायची, ठाण्यात दुरुस्त करून घ्यायची आणि येताना त्याच खड्ड्यांतून परत बिघडवत आणायची, असा हा बेत होता.

कशेळीच्या अलीकडे एक कोळीणबाई चढल्या. मासळी विकून झाली असावी, पाटी रिकामी होती. त्यांनी पाटी विलासच्या पायाशी ठेवली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, "काय गो, तुझे नवऱ्याची मान अशी कशी झाली?"

"कामामुळे."

"वाळू गरम कर, फडक्यात बांध नं शेक. आमचे बाबाची अशीच व्हती."

विलासने आशेने विचारलं, "मग बरी झाली?"

"झाली तर! एकदम बरी झाली." त्या जरा थांबल्या. "मंग ते वारलं. पन मान बरी व्हती."

मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी लगेच एरंडेलाचा पुरस्कार केला. कंडक्टर म्हणाला की त्याच्या साडूला सुपारीएवढी गाठ होती. खोपटच्या डेपोत उतरेपर्यंत अख्ख्या गाडीने विलासवर इलाज करून संपवले होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

खोपटहून नौपाडा रिक्षाने अगदी जवळ आहे, पण पत्ता नीट लिहून घ्या. आमच्या रिक्षावाल्याने आम्हाला आधी राम मारुती रोडचा पूर्ण फेरा दाखवला.

सरोजबाई पन्नाशीच्या, बारीक, पांढरे केस आखूड कापलेले, सुती सलवार-कमीज. तळमजल्याची खोली, मधोमध एक बुटकं रुंद टेबल, त्यावर चादर, एका बाजूला पडदा आणि पडद्याच्या अलीकडे माझ्यासाठी खुर्ची. त्यांनी विलासला बनियन आणि हाफ पँटवर उभं केलं आणि बराच वेळ हातच लावला नाही. समोरून बघितलं, मागून बघितलं, चालायला लावलं, थांबवलं. विलास अवघडून गेला.

"काय बघताय?"

"तुम्ही उभं राहायला किती मेहनत करता, ते."

मग त्याला टेबलावर झोपवलं आणि पडदा ओढला. मला आवाज ऐकू येत होते.

"मी ढकलत नाहीये. नुसती थांबलेय. तुम्ही सोडा."

"काय सोडू?"

"हे जे धरलंय ते."

"मी काही धरलेलं नाही."

"बरं. मग हा दंड माझ्या हातात द्या. पूर्ण वजन द्या."

"दिलं."

"नाही दिलं. मी हात काढला तरी तो हवेतच आहे."

मग विलासचा आवाज, चकित झालेला. "अरेच्चा."

तासाभराने तो बाहेर आला. काही सरळ झाला नव्हता, पण खांदे कानांपासून खाली उतरले होते. चपला घालून आम्ही रस्त्यावर आलो तर तो थांबला. "अगं, या रस्त्याला झाडं आहेत."

"असतातच रस्त्याला झाडं."

"नाही, मी कारखान्यातून कितीदा आलोय इथे. मला फक्त गटाराची झाकणं माहिती होती."

मला क्षणभर भरून आलं. मग आम्ही मिसळ खायला बसलो आणि त्याने ताटलीत असं डोकं घातलं की तर्री नाकाला लागली. माझं भरून आलेलं सगळं जिथल्या तिथे गेलं. ठाण्यात मिसळ खाणार असाल तर उपचाराच्या आधी खाऊ नका, भरल्या पोटावर टेबलावर झोपवत नाहीत. नंतर खा. आणि सोबतच्या माणसाकडे बघू नका.

असे रविवार चालू झाले. सरोजबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मी हाडं वळवत नाही आणि चमत्कार करत नाही. आखडलेलं सैल करून देईन. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला शिकावं लागेल." बोर्डाचा उतार वाढवा, मधूनमधून उठा, लांब बघा, एवढंच त्या सांगायच्या. यातलं विलासने काय केलं? काही नाही. त्याने एक वेगळंच काम सुरू केलं. दुसऱ्यांच्या ठेवणी तपासायचं. पेडणेकर काकूंना कंबर पुढे टाकून उभ्या राहता म्हणून सांगितलं. मुग्धाला जेवताना, अभ्यास करताना, अगदी रुसून बसली असतानाही "पाठ, पाठ" म्हणून टोकायचा. एसटीच्या ड्रायव्हरला सीट पुढे घ्यायचा सल्ला दिला. ड्रायव्हरने जे उत्तर दिलं ते ब्लॉगवर लिहिता येत नाही. आणि हे सगळं स्वतः कासवासारखी मान बाहेर काढून.

एका रविवारी तर त्याने सरोजबाईंनाच सांगितलं, "जरा हिचे खांदे बघा हो. एक वर, एक खाली."

मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. मी याला घेऊन आलेय."

सरोजबाई म्हणाल्या, "दोन मिनिटं उभ्या तर राहा."

राहिले. खांद्याला पर्स, पर्समध्ये तपासायच्या वह्या, छत्री, पाण्याची बाटली, त्याचा एक्स-रे. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठे नाही. इथेच आहे."

"तुमचा डावा पाय इथे आहे. उजवा निघालाय. सगळं वजन त्याच्यावर आहे, आणि टाच वर आहे. बाई, तुम्ही उभ्या नाही आहात, निघालेल्या आहात."

"निघावंच लागतं," मी फटकन म्हटलं. "शाळा, घर, मुलगी, याचे डॉक्टर, रेशन, गॅसचा नंबर. मी दोन्ही पायांवर उभी राहिले तर आमच्याकडे दूध यायचं नाही."

त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. "हो ना," एवढंच म्हणाल्या आणि विलासला घेऊन पडद्याआड गेल्या. मी खुर्चीत बसले ती चिडूनच. खाली पायांकडे बघितलं. उजवी टाच वर होती. मी ती खाली ठेवली. जरा वेळाने बघितलं तर पुन्हा वर. फार संताप आला.

आणि त्याच दिवशी पडद्याआडून ते ऐकलं.

विलास पालथा झोपलेला असावा, कारण आवाज दबून येत होता. सरोजबाईंनी विचारलं की हात आता कसा आहे. तो म्हणाला, "मुंग्या कमी आहेत. पण आता त्याचा काही उपयोग नाही."

"का?"

"बोर्ड काढणार आहेत. कॉम्प्युटर आणतायत ड्रॉइंगसाठी. दोन नवीन मुलांना शिकायला पाठवलं. मला पुढच्या महिन्यापासून स्टोअरमध्ये."

"घरी सांगितलंत?"

"नाही."

मग नुसते सरोजबाईंचे हात चालू असतील.

मी तिथे वह्या मांडीवर घेऊन बसले होते. मला वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं. आधी वाटला तो निव्वळ संताप. लग्नाला बारा वर्षं झालेली. घरी जेवताना समोर बसतो, शेजारी झोपतो, एसटीत कल्याण ते खोपट मांडीला मांडी लावून बसतो, आणि सांगतो कोणाला? महिन्याभराच्या ओळखीच्या बाईला. तेही चादरीत तोंड खुपसून.

परतीच्या गाडीत मी एक शब्द बोलले नाही. त्याने विचारलं, "डोकं दुखतंय का?" मी मान हलवली. हो की नाही ते त्याने समजून घ्यावं.

कशेळीच्या पुलाच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे एका ट्रकचा टायर फुटला होता आणि पुलावर वाहनांची रांग लागली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, म्हणजे आता बराच वेळ. उन्हात पत्र्याची गाडी तापायला लागली. लोक उतरून पूल चालत ओलांडत होते, पलीकडून मिळेल ते वाहन पकडायला. आम्हीही उतरलो.

मी पुढे चालत होते, तो मागे. पुलाच्या मध्यावर थांबले. खाली खाडीला ओहोटी लागली होती. काठाच्या चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या.

"मला ऐकू येतं पडद्याअलीकडे," मी म्हटलं. "नुसतं कापड आहे ते."

तो मागून येऊन माझ्याजवळ थांबला.

"तिला सांगितलंस. मला का नाही?"

"सांगणार होतो."

"कधी? पेन्शन घेतल्यावर?"

बाजूने एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. विलास कठड्याला टेकला. "तुला सांगितलं असतं तर तू लगेच काहीतरी केलं असतंस."

"मग? करायला नको?"

"तू साहेबांना भेटायला निघाली असतीस. कॉम्प्युटर क्लासचं माहितीपत्रक आणलं असतंस. वसंतदादाच्या ओळखीत दुसरी नोकरी शोधली असतीस. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत." तो खाडीकडे बघत बोलत होता. "मला थोडे दिवस काहीच करायचं नव्हतं. नुसतं वाईट वाटून घ्यायचं होतं. त्या बाई ऐकून काही करत नाहीत. म्हणून सांगितलं गेलं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्या डोक्यात शाळेशेजारच्या कॉम्प्युटर क्लासचं नाव आधीच तयार आहे. फीच्या आकड्यासकट. ते मी गिळलं. तोंड मिटायला किती कष्ट पडतात हे मला त्या पुलावर कळलं.

"फार वाईट वाटतंय?" शेवटी एवढंच विचारलं.

"हो," तो म्हणाला. "मला ते एकच काम येतं गं."

मी त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिले. बराच वेळ. मग पलीकडे जाऊन टेम्पोत मागे बसून भिवंडी आणि तिथून रिक्षाने कल्याण असे घरी आलो. अंगावर धुळीचा थर होता. पेडणेकर काकू म्हणाल्या, "काय गं, उपचाराला गेलेलात ना?"

पुढे काय झालं ते सांगते, कारण उपचाराला जाणाऱ्याला निकाल हवा असतो.

विलास स्टोअरमध्ये गेला. पहिले काही महिने वाईट गेले. पेन्सिलीला हात लावला नाही. घरात साधा खिळा ठोकायचा तरी पूर्वी आकृती काढायचा, तेही बंद. कॉम्प्युटरचा क्लास मी सुचवला नाही. जीभ चावून चावून सुचवला नाही. त्याने तो केलाही नाही. पण स्टोअरमध्ये दिवसभर उभं राहायचं, फिरायचं आणि छतापर्यंत गेलेल्या रॅकवरचा माल मान वर करून शोधायचा. वर्षभरात त्याची मान जेवढी सुधारली तेवढी कशानेच सुधारली नव्हती. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला होता तो हाच. मी तो महिनाभर विनवून करून घेऊ शकले नव्हते. तो आता पगार घेऊन करत होता. सरोजबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. मला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पूर्ण सरळ झाला का? नाही. थोडा बाक राहिलाच. सरोजबाईंनी आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. माझा तरी हिशोब असा की त्यांच्या हातांनी त्याला मोकळं वाटणं म्हणजे काय ते कळलं. ते माहीत नसतं तर त्या रॅकखालीही तो वाकूनच उभा राहिला असता.

त्याने जायचं थांबवलं आणि मी जायला लागले. रविवारी, एकटी. घरात कोणाला पटलं नाही. "तुला काय झालंय?" मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." तेच खरं होतं. काही झालेलं नसताना कुठे जाणं मला माहीतच नव्हतं. टेबलावर झोपले की पहिली पंधरा मिनिटं मी सोमवारच्या डब्याचा विचार करायचे आणि सरोजबाई पायाच्या तळव्यावर अंगठा ठेवून नुसत्या थांबायच्या. दुखायचंही. घोट्याच्या आतल्या बाजूला अंगठा आला की तर असं की त्यांना मी दोनदा चक्क ओरडले. परतताना तलावपाळीला बसून कणीस खायचे आणि मग गाडी पकडायचे. लोकल. एसटी मी त्याच्याबरोबरच सोडून दिली होती.

माझे खांदे अजूनही वर-खाली आहेत. शिंपी ब्लाऊज शिवताना न विचारता एका बाजूला अर्धं बोट कमी धरतो. तेव्हा मुली, जायचं असेल तर जा. झटकेवाल्याकडे नको, चांगल्या शिकलेल्या माणसाकडे जा. सैल कपडे ने, पोट हलकं ठेव, एका फेरीत काही होईल अशी आशा धरू नकोस. आणि नवऱ्याला नेणार असशील तर पडद्यापासून लांब बस.

सरोजबाई पुढे पुण्याला मुलीकडे राहायला गेल्या. नंतर भेट झाली नाही.

विलासने मात्र त्या पुलावरचं बोलणं फारच मनावर घेतलं. तेव्हापासून तो मला सगळं सांगतो. लगेच सांगतो. फोडणीत मोहरी तडतडत असताना सांगतो, मी दारात चपला घालून उभी असताना सांगतो, परवा मी डोळ्यांत औषधाचे थेंब टाकत होते तेव्हा त्याचा जुना मित्र गेल्याचं सांगितलं. इतक्या वर्षांत याला वेळ कळली नाही. माझ्या तोंडून "अरे, आत्ता?" एवढं येतंच. मग मी गॅस बंद करते आणि त्याच्यासमोर बसते. तो बोलत असतो, आणि माझ्या डोक्यात कोणाला फोन करायचा, काय आणायचं, कुठे जायचं याची रांग लागलेली असते. तिच्यातलं एकही बाहेर येऊ न देता मी त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकते.

सरोजबाईंचा घोट्यावरचा तो अंगठासुद्धा याहून कमी दुखायचा.